अर्ध्या तासाची मजुरी

२०२५च्या जूनमधली गोष्ट. मृग लागला होता, पण सालेकसात पाऊस अजून पोचायचा होता. सकाळी सडा टाकायला म्हणून सौभाग्यवती अंगणात गेल्या, तर छतावरच्या टाकीतून पाण्याची धार लागलेली. रात्री बोरवेलची मोटर लावून भरलेली टाकी निम्मी रिकामी झाली होती. मी लगेच मिस्त्रीला फोन केला.

मिस्त्री म्हणजे माझाच जुना विद्यार्थी. गणितात कच्चा म्हणून शाळेतून लवकर बाहेर पडला आणि पुढे घराचे एकूण एक काम शिकला. नळ, विजेचे बोर्ड, दाराच्या बिजागऱ्या, भिंतीचा गिलावा, पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरणे, सगळे तो करतो. शहरात यातल्या प्रत्येक कामाला वेगळा माणूस मिळतो. तालुक्याच्या गावात मात्र हे सगळे करणारा एखादाच असतो आणि पन्नास-साठ घरे त्याच्या भरवशावर उभी असतात. त्याच्याकडे ना दुकान, ना पाटी, ना दरपत्रक. फोन नंबर मात्र सगळ्यांकडे.

सहा किलोमीटरवरच्या आपल्या खेड्यातून तो मोटारसायकलने आला. वर चढून पाहिले. टाकीच्या कॉकचे आटे झिजले होते. बाजारात जाऊन नवा कॉक आणला, बसवला आणि उतरता उतरता मागच्या पडवीवर माकडांनी सरकवलेले चार-पाच कवेलूही न सांगता जागेवर बसवून दिले. छतावरचे काम म्हणाल तर अर्ध्या तासाचे. मी विचारले, "किती झाले रे?" हात पुसत तो म्हणाला, "तुमाले जे वाटन थे द्या न जी, गुरुजी."

मी गणिताचा मास्तर. मनात हिशेब केला. याची रोजी ६०० रुपये. आठ तासांचे ६००, म्हणजे तासाचे ७५ आणि अर्ध्या तासाचे साडेसदतीस. मी कॉकचे पैसे दिले आणि वर शंभराची एक नोट त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती न पाहताच खिशात घातली, नमस्कार केला आणि निघून गेला. जवळजवळ तिप्पट दिल्याच्या समाधानात मी खुर्चीत येऊन बसलो.

उन्हाळ्याच्या सुटीत नागपूरहून आलेली सूनबाई दारात उभी राहून हे पाहत होती. ती म्हणाली, "बाबा, मागच्या आठवड्यात फ्रिज दुरुस्त करणारा आला होता. त्याने नुसते उघडून पाहिले, पार्ट नाही म्हणाला आणि व्हिजिटचे पाचशे रुपये घेऊन गेला. तुम्ही पावतीवर सही करून मुकाट्याने दिले. याने तर काम केले. मग याला शंभरच का?"

मला उत्तर सुचले नाही. मग "तो आपला घरचाच आहे" असे काहीतरी पुटपुटलो. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही, आणि वाचकांच्या घरीही तो महिन्यातून एकदा तरी येत असणार, म्हणून आज इथे मांडतो आहे.

कायदा अंगणाबाहेरच थांबतो

त्यानंतर पाच महिन्यांनी, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, केंद्र सरकारने चारही कामगार संहिता लागू केल्या. त्यातली वेतन संहिता २०१९ सालीच संसदेने मंजूर केलेली होती. १९४८च्या किमान वेतन कायद्यात ठरावीक अनुसूचित उद्योगांनाच संरक्षण होते. नव्या संहितेने ती यादी काढून टाकली, किमान वेतन सर्व कर्मचाऱ्यांना लागू केले आणि देशभर एक तळाचे वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्राला दिला. रोजंदारीवर काम करणाऱ्याला पाळी संपताच मजुरी दिली पाहिजे, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे.

मला वाटले, आता मिस्त्रीचा प्रश्न सुटला. पण बारकाईने वाचू लागलो तेव्हा लक्षात आले की कायद्याला आधी 'आस्थापना' हवी. जिथे उद्योग, व्यापार, व्यवसाय चालतो ती जागा म्हणजे आस्थापना. माझे घर तसे नाही. बांधकाम मजुरांच्या कायद्याचेही तेच. १९९६च्या कायद्यात, स्वतःच्या राहत्या घरासाठी दहा लाखांपर्यंतचे काम करवून घेणारी व्यक्ती वगळलेली होती. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने ती मर्यादा पन्नास लाखांवर नेली. गरीब माणसाला आपले घर बांधताना उपकराचा बोजा नको, हा त्यामागचा विचार चुकीचा नाही. पण परिणाम असा की ज्या घरात टाकी गळते आणि कवेलू फुटतात, ते घर कायद्याच्या नजरेबाहेर राहते.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवावे म्हटले, तर मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. जो एकाच ठेकेदाराकडे राबतो त्याला तो मिळवणे त्यातल्या त्यात सोपे. आमचा मिस्त्री मात्र कुणाकडे अर्धा तास, कुणाकडे दोन दिवस असा साठ घरांत विखुरलेला. त्याच्या ९० दिवसांची बेरीज कोण करणार?

म्हणजे उरतो तो घरमालक आणि त्याची सदसद्विवेकबुद्धी. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे म्हणजे राज्यघटनेच्या २३व्या कलमाने बंदी घातलेली सक्तीची मजुरीच, असा निर्णय दिला होता. भुकेपोटी माणूस 'राजीखुशीने' कमी पैशांत राबतो, तेव्हा ती राजीखुशी खरी नसते, हा त्यातला विचार. तो विचार माझ्या अंगणाला कायद्याने लागू नसेल, पण म्हणून खोटा ठरतो का?

न ठरवलेली मजुरी

'द्या काय द्यायचे ते' हे वाक्य आजचे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, मजुरी आधी ठरलेली नसेल तर काय करावे, याचा वेगळा विचार आहे. शेतावर राबणाऱ्याला पिकाचा दहावा भाग, गुराख्याला तुपाचा दहावा भाग, असे तिथे सांगितले आहे. पण कारागीर, वैद्य, कलावंत यांच्यापाशी येताच ग्रंथकार हे माप बाजूला ठेवतो. तसाच दुसरा माणूस जेवढे घेईल किंवा त्या कामातले जाणकार जेवढे ठरवतील तेवढे द्यावे, असे तो म्हणतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसालाही कळले होते की कारागिराचे मोल नुसत्या मापाने काढता येत नाही आणि काम करवून घेणाऱ्याच्या मर्जीवरही ते सोडता येत नाही.

पुढे आपल्या गावगाड्यात बलुतेदारी आली. सुतार, लोहार यांना प्रत्येक कामाचे पैसे मिळत नसत. सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. त्या व्यवस्थेत जातीची बेडी होती, अपमान होता, आणि वाटा किती टाकायचा हे बहुधा कुणब्या-पाटलाच्याच हातात होते. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत होती. सुताराचे पोट वर्षभराचे असते आणि औत मात्र वर्षातून दोन-चारदाच मोडते. म्हणून मोबदला औत मोडण्याचा नव्हता, सुतार गावात असण्याचा होता.

बलुतेदारी गेली हे चांगलेच झाले. पण आपण तिच्यातले सोयीचे तेवढे ठेवून घेतले. हाक मारताच कारागीर आला पाहिजे, ही अपेक्षा जुनी राहिली. पैसे मात्र घड्याळ पाहून द्यायचे, ही रीत नवी आली.

धानाचा हमीभाव आणि मिस्त्रीचा दिवस

आमचा गोंदिया जिल्हा धानाचा. २०२५-२६ या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये जाहीर झाला तेव्हा चौकाचौकांत चर्चा झाली. सरकार खर्च कसा मोजते यावर आमच्याकडचा कमी शिकलेला शेतकरीही तासभर बोलू शकतो. बियाणे, खत, मजुरी हा हातचा खर्च धरायचा आणि त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल मिळवायचे, ही सरकारची रीत. त्यावर स्वतःच्या जमिनीचे भाडे आणि गुंतवलेल्या भांडवलाचे व्याजही धरा, ही शेतकऱ्यांची मागणी. माझ्या बायकोने रोवणीत दिवसभर चिखलात वाकून काढले, तिचे कष्ट भावात का दिसू नयेत, हा प्रश्न आपण विचारतो आणि तो रास्तच आहे.

मग हाच हिशेब मिस्त्रीला का लावू नये?

डिसेंबरातल्या एका रविवारी मी त्याला चहाला बोलावले आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आम्ही दोघांनी त्याचे वर्ष मांडले. होळीपासून मृगापर्यंत त्याला हातभर काम. पाऊस सुरू झाला की गिलावा बंद, छपरावर चढणे बंद. रोवणीत तो स्वतःच्या दीड एकरात. दिवाळीच्या सुमारास धान कापणी आणि मळणी. उरलेल्या दिवसांत कधी तीन हाका येतात, तर कधी आठवडाभर फोन वाजत नाही. सगळे धरून वर्षात पूर्ण रोजीचे दिवस भरतात सुमारे २००. म्हणजे १,२०,००० रुपये. त्यातून पेट्रोल, पाने, पकडी, करवतीची पाती, जळालेले ड्रिल मशीन यांचे महिन्याला दीड हजार, वर्षाचे १८,००० वजा. उरले १,०२,०००. महिन्याला साडेआठ हजार रुपये. दीड एकराचा धान घरी खायला होतो. शिवाय घरात शिकणारी दोन मुले आणि म्हातारी आई.

आता त्या जूनमधल्या सकाळीकडे येऊ. मी अर्धा तास मोजला होता. तो सातला घरून निघाला. दुकान नऊला उघडले, तोवर बाजारात बसून राहिला. काम आटोपून घरी पोचला तेव्हा साडेदहा झाले होते. त्या दिवशी एका घरी गिलाव्याला लागायचे होते. तिथला गडी थांबेना, म्हणून त्यांनी दुसरा माणूस लावला. म्हणजे माझ्या अर्ध्या तासासाठी त्याचे साडेतीन तास गेले आणि दिवसही हातचा गेला. शहाण्या माणसाने सरळ अर्धी रोजी, ३०० रुपये द्यायला हवे होते. मी शंभर दिले आणि वर उपकारही केला असे समजलो.

फ्रिजवाल्याच्या व्हिजिटच्या पैशांत नेमके हेच धरलेले असते. येण्याजाण्याचा वेळ, अवजारे, रिकामा दिवस, वर दुकानाचे भाडे. त्याची पावती छापील असते म्हणून ते आपल्याला रास्त वाटते. मिस्त्रीकडे पावतीपुस्तक नाही, एवढाच त्याचा दोष.

दोन हजार सातशे कॅलरी

'पण मग ६०० रुपये रोजी तरी बरोबर आहे का?' असे कुणी विचारील. तुलनेला आकडे आहेत. रोजगार हमीचा २०२५-२६चा दर महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये होता. आमच्या तालुक्याची शीव ओलांडली की छत्तीसगड आणि मध्य प्रदेश, तिथे तोच दर २६१. रिझर्व्ह बँकेच्या पुस्तिकेत २०२२-२३ची ग्रामीण बांधकाम मजुरांची सरासरी रोजी आहे. देशाची ३९३ रुपये, मध्य प्रदेशाची २७९ आणि केरळची ८५३. एकाच देशात, एकाच उन्हात, विटेवर वीट ठेवण्याचे मोल तिप्पट कसे होते? केरळात कामगारांच्या संघटना जुन्या, शिक्षण जास्त आणि आखातात जाण्याची वाट मोकळी, म्हणून मजूर 'नाही' म्हणू शकतो. म्हणजे बाजारातला दर हा कौशल्याइतकाच 'नाही' म्हणण्याच्या ताकदीवरही ठरतो. आमचा मिस्त्री गुरुजींना 'नाही' कसे म्हणणार?

बाजार सोडून गरजेकडून पाहू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मांडले गेले आणि १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. किमान म्हणजे किती, याचे माप १९५७च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने दिले. कमावत्यासह कुटुंबाची तीन उपभोग-एकके धरायची, प्रत्येकी रोज २,७०० कॅलरींचे अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि सरपण, दिवाबत्ती वगैरेसाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली.

हे माप नोकरदार वाचकांच्या ओळखीचे आहे. सातव्या वेतन आयोगाने केंद्रीय कर्मचाऱ्याचे किमान मूळ वेतन १८,००० रुपये ठरवले, ते याच १९५७च्या मापाचा आधार घेऊन, आणि लागू केले १ जानेवारी २०१६ पासून. महिन्याचे २६ कामाचे दिवस धरले तर हे दिवसाला ६९२ रुपये होतात. तेही दहा वर्षांपूर्वी, महागाई भत्ता न धरता, आणि रविवार पगारी. आमच्या निवृत्तांच्या कट्ट्यावर आता आठव्या आयोगाची गणिते चालतात. महागाई भत्ता दोन टक्क्यांनी वाढला की तीन, याचा हिशेब आम्ही दशांशापर्यंत करतो. ज्या मापाने सरकारने आपल्या सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याचे पोट मोजले, त्याच मापाने पाहिले तर ६०० रुपये रोजी आणि वर्षाचे २०० दिवस हे भरपूर तर नाहीच, पुरेसेही नाही.

शिडीखाली उभी असलेली

एक गोष्ट मी कॅलेंडरवर मांडली नव्हती. ती सौभाग्यवतींनी दाखवून दिली. मे महिन्यात कवेलू फेरायला मिस्त्री येतो तेव्हा त्याची बायकोही सोबत असते. फुटके कवेलू खाली घेणे, चांगले निवडणे, झाडून पुसून वर देणे, दिवसभर शिडीखाली उभे राहणे हे तिचे काम. तिच्याशिवाय वरचा माणूस एक हातही हलवू शकत नाही. पण पैसे देताना आपण मिस्त्रीची रोजी मोजतो आणि 'बाईचे' म्हणून त्यावर दीडदोनशे ठेवतो. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६चा. रोजगार हमीच्या कामावर बाईला आणि पुरुषाला एकच दर मिळतो. मग आपल्या छपराखाली निराळा न्याय का? मिस्त्रीच्या कौशल्याचे अधिक पैसे जरूर द्यावेत. पण बिनकसबी गड्याला जी रोजी देतो तीच तिला द्यावी, आणि तिच्याच हातात द्यावी.

शिडीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. ओल्या कवेलूवरून पाय घसरला तर? घरमालक हळहळतो, दवाखान्यात नेतो, हजार-दोन हजार देतो. पुढचे तीन महिने त्या घरची चूल कशावर पेटणार, याचे उत्तर कुणाकडेच नसते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता २० रुपये आहे आणि अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाख मिळतात. मोडलेल्या पायाला त्याचा उपयोग नाही, हे खरे. तरी निदान एवढे तरी आहे का, हे शिडी लावण्याआधी विचारायला काय हरकत आहे? मी वीस वर्षांत कधी विचारले नव्हते.

दुसरी बाजू

आता घरमालकाचीही बाजू ऐकली पाहिजे. सगळ्यांना निवृत्तिवेतन नसते. धान विकून पैसे खात्यावर यायला महिना-महिना लागतो, तोवर शेतकऱ्याच्या घरी रोकड नसते. आमच्या शेजारच्या आजीबाईंना निराधार योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात. अर्धी रोजी म्हणजे त्यांच्या महिन्याच्या मिळकतीचा पाचवा हिस्सा.

आणि मिस्त्री लोक सगळेच धुतल्या तांदळासारखे नसतात. आगाऊ रक्कम घेऊन आठ दिवस तोंड न दाखवणारे आहेत. रोजीवर काम असले की विडी लांबते आणि उक्ते दिले की थापी धावते, हा अनुभवही घरोघरचा. काही जण फिटिंगच्या सामानात दुकानदाराशी संधान ठेवतात. पण यातला काही भाग तरी आपल्याच व्यवहाराचे फळ आहे. मजुरी मनासारखी मिळणार नाही हे ठाऊक असलेला माणूस ती सामानात काढतो. त्यापेक्षा सामान आपण आणावे आणि मजुरी सरळ द्यावी, हे दोघांच्याही हिताचे.

ऐपतीचा प्रश्न १९४८च्या न्याय्य वेतन समितीपुढेही होता. तिने वेतनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या : किमान, न्याय्य आणि निर्वाह. न्याय्य वेतनाची खालची मर्यादा किमान वेतन आणि वरची मर्यादा उद्योगाची देण्याची ऐपत. पण ही ऐपत एकट्यादुकट्या कारखान्याची नव्हे, तर त्या भागातल्या त्या उद्योगाची मिळून पाहायची, असे समितीने म्हटले होते. मला हे फार महत्त्वाचे वाटते. आजीबाईंची ऐपत नाही म्हणून गावचा दर आजीबाईंच्या ऐपतीवर ठरू नये. आणि आजीबाईंचे छप्पर फुकट शाकारण्याचा भार एकट्या मिस्त्रीनेही का सोसावा? ज्यांना परवडते त्यांनी पूर्ण दिले, तरच त्याला तिच्याकडे कमी घेणे परवडेल. परवडत असूनही जो घासाघीस करतो, तो खरे तर आजीबाईंचे पैसे वाचवून घेत असतो.

आमच्या घरी आता

एवढा विचार केल्यावर आमच्या घरी काही गोष्टी ठरल्या. त्या नियम म्हणून नव्हे, अनुभव म्हणून सांगतो. पहिली म्हणजे पैशांचे बोलणे काम सुरू होण्याआधी, आणि ते आम्हीच काढायचे. मागणाऱ्याला संकोच असतो, देणाऱ्याला नसतो. लहानसहान कामाला, मग ते दहा मिनिटांचे का असेना, अर्ध्या रोजीपेक्षा कमी द्यायचे नाही. म्हणूनच बारीकसारीक पाच कामे साठवून एकदाच बोलवायचे, म्हणजे त्याचाही दिवस भरतो आणि आपलेही पैसे सार्थकी लागतात. ज्याचे माप आधी कळते, जसे भिंतीचा गिलावा किंवा फरशी, ते काम उक्ते द्यावे. उघडल्याशिवाय कळत नाही, जसे जुने छप्पर किंवा भिंतीतला पाइप, ते रोजीवर. पैसे त्याच दिवशी, संध्याकाळी. चहा-जेवण हा पाहुणचार, तो मजुरीतून वळता करायचा नाही. आणि पंधरा दिवसांत तेच काम पुन्हा बिघडले तर त्याने फुकट यायचे, ही आमची अट. ती त्याने आनंदाने मान्य केली.

यात मोठे औदार्य काही नाही. आमच्या भागातली धडधाकट, हाताला कसब असलेली पोरे गाडी धरून नागपूर, रायपूर, हैदराबादला जातात, कारण तिथे ठेकेदार निदान हजेरी तरी मांडतो. आज पन्नास घरांचा भार वाहणारा माणूस उद्या त्याच गाडीत बसला, तर मृगाच्या सकाळी फोन कुणाला करणार? रास्त मजुरी ही गावात कसब टिकवून ठेवण्याचीही किंमत आहे.

त्या डिसेंबरच्या रविवारी हिशेब संपल्यावर मी दोनशे रुपये त्याच्यापुढे ठेवले. जूनमधले राहिलेले. तो आधी घेईना. मग हसून म्हणाला, "सहा महिन्यानं गनिताचं उत्तर दुरुस्त केलं जी, गुरुजी." आणि नोटा घेतल्या.

उठता उठता त्याने विचारले, "तुमचं तं ठरलं. पन बाजूच्या आजीचं छप्पर मे महिन्यात फेराचं हाये. दोन दिवसाचं काम, बायको संग राहीन. तिच्यापासून किती घेऊ, थे तुमीच सांगा."

मी पुन्हा कॅलेंडरच्या पाठीकडे पाहिले. दोघांची दोन दिवसांची रोजी आजीबाईंच्या महिन्याच्या मिळकतीहून जास्त होत होती. शेजारच्या चार घरांनी मिळून ती भरावी, असे माझ्या मनात आले. कुणाकुणाला विचारायचे, त्यांची नावेही मनात आली. मे महिना अजून लांब आहे, असे म्हणून मी त्याला तूर्त निरोप दिला. पण यादीत पहिले नाव माझेच लिहावे लागेल, हे मला तेव्हाच कळले होते.